तिघांची पंगत

एकदा एक शिष्य समाज शिकायला एका वृद्ध गुरुजींच्या गावी येऊन राहिला. पूर्वीचे शिष्य समिधा घेऊन येत. याने लॅपटॉप आणला होता आणि चाळीस प्रश्नांची छापील प्रश्नावली. विद्यापीठात तो समाजशास्त्राचा प्रबंध लिहीत होता. गुरुजी त्या गावच्या शाळेत सदतीस वर्षं शिकवून निवृत्त झालेले. गावातलं कोणतं घर कोणत्या घराशी बोलत नाही आणि का बोलत नाही, हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून विद्यापीठातल्या कोणीतरी त्याला त्यांच्याकडे धाडलं होतं.

चार महिन्यांत शिष्याने गाव पिंजून काढलं. मुलगा कष्टाळू होता, त्याबद्दल वाद नाही. उन्हातान्हात घरोघरी जाऊन, चहाला नाही न म्हणता, त्याने प्रश्न विचारले आणि उत्तरं टिपली. त्यातला चौदावा प्रश्न असा होता : ‘लग्नकार्यात आता गावातील सर्व समाजांचे लोक एकत्र जेवतात का?’ शंभरातल्या चौऱ्याण्णव माणसांनी ‘हो’ म्हटलं. शिष्य हरखून गेला. त्याने प्रबंधातल्या त्या प्रकरणाला नावही देऊन टाकलं, ‘सहभोजन : विषमतेकडून समतेकडे’, आणि ते गुरुजींना वाचून दाखवलं.

गुरुजींनी डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, “उत्तर खरं आहे. माझ्या लहानपणी शंभरातल्या शंभरांनी ‘नाही’ म्हटलं असतं. हा बदल लहान नाही, तो अवश्य लिही. पण एकत्र जेवतात म्हणजे नेमकं काय करतात, ते विचारलंस का?”

“काय करतात म्हणजे? जेवतात, गुरुजी.”

“शनिवारी शेठजींच्या मुलाचं लग्न आहे. माझ्याबरोबर जेवायला चल. प्रश्नावली घरी ठेव. आणि जाताना आपल्याला केरबाला बरोबर घ्यायचं आहे.”

केरबा म्हणजे शाळेचा जुना शिपाई. गावकुसाबाहेरच्या वस्तीतला. गुरुजींच्या सदतीस वर्षांतली तीस वर्षं घंटा त्याने वाजवली. कधी मिनिटभर उशीर नाही की मिनिटभर लवकर नाही. त्याच हाताला आता कंप सुटला होता. तीन वर्षांपूर्वी अशाच एका लग्नात, एका हातात ताटली आणि दुसऱ्या हातात चमचा सांभाळत तो गर्दीत उभा होता आणि आमटी एका पाहुण्याच्या इस्त्रीच्या पँटवर सांडली. पाहुणा भला होता. तो रागावला नाही, बोलला नाही. कागदी रुमालाने पँट पुसली आणि चार पावलं लांब जाऊन उभा राहिला. तेवढं पुरलं. त्या दिवसापासून केरबाने कोणाच्या कार्यात जेवण घेतलं नाही. अक्षता टाकायचा, नवरा-नवरीला लांबून हात जोडायचा आणि घरी यायचा. सून चांगली होती, गरम भाकरी करून वाढायची, पण घरीसुद्धा तो भिंतीकडे तोंड करून जेवायचा. नातवंडांनी पाहू नये म्हणून.

शनिवारी गुरुजी आणि शिष्य त्याच्या दारात गेले तेव्हा तो सरळ नाही म्हणाला.

“न्हाई गुर्जी. हात माजा थाऱ्यावर ऱ्हायला न्हाई. चार लोकांत हसं हुतंय. तुमी जाऊन या.”

“उभं राहायचं नाही. बसून जेवायचं.”

“आता कोन बसतंय गुर्जी?”

“आपण बसू. तू, मी आणि हा पोरगा. तिघांची पंगत मांडू.”

केरबाने मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं, ते शिष्याला कळलं नाही. “पंगत?” त्याने विचारलं. “खरी पंगत?”

“खरी,” गुरुजी म्हणाले.

केरबा आत गेला. बऱ्याच वेळाने बाहेर आला तो धुतलेलं धोतर नेसून, शाळेच्या निरोप समारंभात मिळालेला फेटा बांधून. फेटा त्याच्या सुनेने बांधून दिला होता हे उघड होतं, कारण कापऱ्या हाताने तो इतका घट्ट बसला नसता. वाटेत केरबा पुढे गेलेला पाहून गुरुजी शिष्याला हळूच म्हणाले, “एवढं लक्षात ठेव. मी उठेपर्यंत उठू नकोस.”

“बरं,” शिष्य म्हणाला. त्याला वाटलं, म्हाताऱ्या माणसांच्या रीतीभाती असतात.

शेठजींनी हात आखडता घेतला नव्हता. हिरवळीवर मांडव, मांडवात पंखे, आणि चारी कडांना पदार्थांची टेबलं. एका टेबलावर डोसे, एकावर नूडल्स, एकावर पाणीपुरी, एका टेबलावर तर नुसती सॅलडं, ज्यांना हात लावायचं कोणाच्या मनात नव्हतं. निमंत्रण गावाच्या ग्रुपवर टाकलं होतं, ‘समस्त ग्रामस्थ’. आणि खरोखर समस्त ग्रामस्थ आले होते. पाटलांचा मुलगा आणि वस्तीतला मुलगा एकाच रांगेत ताटली घेऊन उभे होते. कोणी कोणाला जात विचारत नव्हतं. कोणी कोणाला काहीच विचारत नव्हतं. ताटली भरायची, जागा मिळेल तिथे उभं राहायचं, एका हाताने खायचं, दुसऱ्या हातात ताटलीखालीच मोबाइल धरायचा, ताटली टबात टाकायची आणि पाय काढायचा. सरासरी अकरा मिनिटं, असं शिष्याने मनातल्या मनात मोजलं. प्रश्नावली घरी ठेवली तरी सवय थोडीच घरी राहते!

गुरुजींनी आवाराच्या भिंतीकडच्या खुर्च्यांतल्या तीन ओढून एका रेषेत मांडल्या. वाढप्याकडून एक लांब टेबल मागून घेतलं. मधे केरबाला बसवलं, एका बाजूला स्वतः बसले, दुसऱ्या बाजूला शिष्य. मग स्वतः जाऊन तिघांची ताटं वाढून आणली. वरण-भात, भाजी, दोन पुऱ्या, जिलबी आणि वाटीत मठ्ठा. तीन खेपा घातल्या, शिष्याला उठू दिलं नाही.

केरबाने ताटाकडे पाहिलं, मग डावीकडे, मग उजवीकडे. जणू रांग सरळ आहे की नाही ते तपासत होता. मग त्याने पहिला घास घेतला. अर्धा भात बोटांतून ताटात परत पडला. त्याने चोरून शिष्याकडे पाहिलं. शिष्य जेवत होता. गुरुजी जेवत होते. कोणी पाहत नव्हतं. केरबाने दुसरा घास घेतला.

शिष्याचं जेवण दहा मिनिटांत आटोपलं. गुरुजींचंही जवळजवळ झालं होतं. ताटात फक्त एका घासाइतका वरण-भात उरला होता, आणि इथून पुढे गुरुजी विचित्र वागू लागले. त्या घासातली चार शितं ते उचलत, तोंडात टाकत आणि कितीतरी वेळ चघळत बसत. मग मीठ चाटत. मग पाण्याचा घोट. मग पुन्हा दोन शितं. पंधरा मिनिटं गेली, पंचवीस गेली. वाढपी दोनदा ताट उचलायला आला, दोनदा गुरुजींनी त्याला हाताने परत पाठवलं. शिष्याच्या बोटांवरचं वरण वाळून कडक झालं. दुसरी पाहुणे मंडळी येऊन खुर्च्यांकडे पाहू लागली. शिष्याला लाज वाटू लागली. म्हातारपणी माणसाची भूक जाते हे त्याला माहीत होतं, पण मग घास टाकून उठावं की! एवढं ताटकळत बसण्यात काय अर्थ आहे?

केरबा मात्र रंगात आला होता. हात कापतच होता, पण आता तो लपवत नव्हता. भात संपला, पुरी संपली. जिलबी त्याने शेवटाला राखून ठेवली होती. दात नव्हते, म्हणून तिचे तुकडे करून त्याने मठ्ठ्यात भिजत घातले आणि ते मऊ होण्याची वाट पाहत तो चक्क बोलू लागला.

“गुर्जी, तुमाला याद हाय का, सत्तरच्या साली घंटंचा हातुडा चोरीला गेल्ता?”

“आठवतं तर. तू पळीने घंटा वाजवली होतीस आठवडाभर.”

केरबा हसला. तीन वर्षांत माणसांमध्ये बसून हसला नसेल असा हसला.

नेमके तेव्हाच शेठजी स्वतः लगबगीने आले. “अहो साहेब, तुम्ही इथे बसलाय होय? तुमच्या विद्यापीठातले विभागप्रमुख आलेत, आमच्या व्याह्यांचे मित्र. तुमचं नाव सांगितलं तर म्हणाले, बोलवा बोलवा. निघालेच आहेत, गाडी लागलीये. चला लवकर.”

विभागप्रमुख त्याच्या प्रबंधाच्या समितीवर होते. दोन महिने तो त्यांची वेळ मागत होता. त्याने गुरुजींकडे पाहिलं. त्यांनी फक्त एकदा केरबाच्या वाटीकडे पाहिलं आणि एक शीत उचललं. शिष्याला वाटलं, गुरुजींना अशा गाठीभेटी आवडत नाहीत एवढंच.

“दोन मिनिटांत आलो,” असं म्हणून तो उठला.

भेट छान झाली. विभागप्रमुख गाडीच्या दारात उभे राहून ऐकत होते. शिष्याने त्यांना चौदाव्या प्रश्नाबद्दल सांगितलं. चौऱ्याण्णव टक्के, सर. सगळे एकत्र जेवतात. आत्ता आत मांडवात जाऊन पाहा. विभागप्रमुखांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि गाडी गेली. दोन मिनिटांची सात मिनिटं झाली होती, पण काम झालं होतं. शिष्य तरंगत मांडवात परतला.

तीन खुर्च्यांपैकी एकच भरलेली होती. गुरुजी बसले होते, ताटात तो घास तसाच. केरबा उभा होता. त्याने आपलं ताट उचललं होतं, आणि त्याखाली दुसरं ताट होतं. ते शिष्याचं उष्टं ताट होतं. दोन्ही ताटं त्याच्या कापऱ्या हातात एकमेकांवर खडखडत होती, आणि वरच्या वाटीत मठ्ठ्यात भिजलेली जिलबी तशीच होती.

“अहो, हे काय करताय?” शिष्य धावला. “ठेवा ते! तुमचं जेवण राहिलंय अजून.”

“झालं की दादा,” केरबा म्हणाला. आवाजात तक्रार नव्हती. “पंगत उठली न्हवं.”

“पंगत कुठे उठली? मी जरा तिकडे गेलो होतो. बसा, मी दुसरी जिलबी आणतो.”

“एकदा उठल्यावर परत बसत न्हाईत दादा.” आणि तो ती दोन ताटं घेऊन टबाकडे चालू लागला. वाढप्याने ती त्याच्या हातातून घेतली आणि न बघता टबात टाकली. मठ्ठा, जिलबी, सगळं. केरबाने हात धुतले, फेटा सावरला, लांबून गुरुजींना हात जोडले आणि कोणाशी न बोलता वस्तीच्या वाटेला लागला.

शिष्य खुर्चीवर बसला. त्याला अजून नीट कळलं नव्हतं. “गुरुजी, ते असे का उठले?”

गुरुजींनी तो शेवटचा घास तोंडात घातला, गिळला, आणि मग बोलले.

“जुन्या पंगतीत एक रीत होती. जेवण संपलं म्हणून कोणी उठायचं नाही. रांगेतला सर्वांत सावकाश जेवणारा जेव्हा हात आवरेल, तेव्हा वडीलधारा माणूस विचारायचा, ‘सगळ्यांचं झालं का?’, आणि मग सगळे एकदम उठायचे. एक उठला की पंगत उठली. माझे आजोबा नेहमी ताटात एक घास राखून बसत. दात नसलेला एखादा म्हातारा असायचा, त्याला कोणी आपल्यासाठी थांबलंय असं वाटू नये म्हणून. आजोबांना मी देवमाणूस समजायचो.”

शेजारच्या टेबलावर कोणीतरी चमचा वाजवून पाणीपुरी मागत होतं.

“पण त्या पंगतीला एक भिंत होती. भिंतीपलीकडे केरबाचा बाप टोपली घेऊन उभा असायचा, आणि त्याच्याजवळ हा केरबा, सहा-सात वर्षांचा. पंगत कधी उठते, तिकडे डोळे लावून. ती उठली की त्यांनी आत यायचं, उष्ट्या पत्रावळी उचलायच्या, आणि त्यात जे उरलं असेल ते त्यांचं जेवण. रांगेतल्या म्हाताऱ्यासाठी घास राखणाऱ्या माझ्या आजोबांना भिंतीपलीकडचं ते पोर कधी दिसलं नाही. मी त्याच्याच वयाचा. मलाही दिसलं नाही. पंगतीची रीत केरबाला तुझ्या-माझ्याहून जास्त पाठ आहे, कारण त्याने ती उपाशीपोटी पाहिली आहे. आज तू उठलास आणि त्याचे हात आपोआप उष्ट्या ताटाकडे गेले.”

शिष्याने मान खाली घातली. “मग तुम्ही मला थांबवलं का नाही? एक शब्द बोलला असता तर...”

“बोललो असतो तर त्याला कळलं असतं की ही पंगत त्याच्यासाठी रचलेली आहे. दयेचं जेवण तो बापाबरोबर पुष्कळ जेवलाय.” गुरुजींनी रिकामं ताट बाजूला सारलं. “आपण भिंत पाडली, हे चांगलंच झालं. ती मी पुन्हा उभी करू देणार नाही. पण भिंतीबरोबर रांगही गेली. म्हातारपणी केरबाला आत जागा मिळाली तेव्हा आत पंगतच नव्हती. प्रत्येक जण आपापलं जेवतो, आपापल्या वेगाने, आणि निघून जातो. कोणी कोणाला हाकलत नाही. कोणी कोणासाठी थांबतही नाही. तुझे चौऱ्याण्णव टक्के खरे आहेत. सगळे एका मांडवात जेवतात. एकत्र कोणीच जेवत नाही.”

“मी त्यांची माफी मागतो,” शिष्य म्हणाला.

“माग. पण काय म्हणशील? उठलो, चुकलो? तो म्हणेल, ‘उठायचंच असतं दादा.’”

तसंच झालं. दुसऱ्या दिवशी शिष्य जिलबीचा पुडा घेऊन वस्तीत गेला. दार उघडं होतं. केरबा भिंतीकडे तोंड करून जेवत बसला होता. पावलं ऐकताच त्याने ताटावर पदरासारखं उपरणं ओढलं. “या दादा, बसा. जेवन झालंय माजं.” ताटात अर्धी भाकरी दिसत होती. शिष्य जे बोलायला आला होता ते बोलला. केरबाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, “तुमी काय केलं त्यात? उठायचंच असतंय की.” पुडा त्याने नातवाच्या हाती दिला. पुढच्या लग्नाला येणार का, असं शिष्याने विचारलं तेव्हा त्याने नुसते हात जोडले.

शिष्याने प्रबंधात ते प्रकरण तसंच ठेवलं, शेवटी दोन पानं वाढवली. ती दोन पानं विषयाला सोडून आहेत, असा शेरा मारून समितीने ती काढायला सांगितली. त्याने गुरुजींना हे कळवलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, “पानं ठेवली असती तरी पंगत परत बसली नसती.”

त्यानंतर महिन्याभराने शिष्य गावी आला तेव्हा त्याच हिरवळीवर आणखी एक लग्न होतं. गुरुजींचे गुडघे दुखत होते, ते आले नाहीत. केरबा अक्षता टाकून घरी गेला होता. शिष्याने भिंतीकडची एक खुर्ची ओढली, ताट घेऊन बसला, आणि जेवण संपत आलं तेव्हा त्याने ताटात एक घास राखला. मग मान वर करून तो पाहू लागला की आपण कोणासाठी थांबलो आहोत. सगळीकडे पाठी होत्या. कोण सावकाश जेवतंय, कोणाचा हात कापतोय, कोणाचं अजून व्हायचं आहे, हे त्या गर्दीत ओळखता येईना. ज्याच्यासाठी थांबायला हवं होतं तो घरी भिंतीकडे तोंड करून जेवत असेल, हे त्याला माहीत होतं. तरी तो बसून राहिला. भात थंड झाला, वरून सुकला.

शेवटी वाढपी आला. त्याला पुढच्या खुर्च्या आवरायच्या होत्या. त्याने घाई न दाखवता, अगदी अदबीने विचारलं, “साहेब, तुमचं झालं का?”

शिष्याला ‘हो’ म्हणवेना आणि ‘नाही’ही म्हणवेना. त्याने तो घास उचलून तोंडात घातला.